पायाला बांधलेली चिठ्ठी

शिकागोत मिशिगन सरोवराच्या काठावर मॅकॉर्मिक प्लेस नावाचे प्रचंड प्रदर्शन केंद्र उभे आहे. त्याच्या भिंती काचेच्या आहेत आणि रात्री आत दिवे जळत असत. वर्षातून दोनदा, स्थलांतराच्या हंगामात, असंख्य लहान पक्षी रात्रीच्या अंधारात या काठावरून जातात. २०२४ पर्यंत उजेडाकडे ओढले जाऊन त्यातले कितीतरी काचेवर आपटत आणि मरत. जवळच्याच फील्ड म्युझियमच्या पक्षिविभागात काम करणाऱ्या डेव्हिड विलार्ड यांच्या कानावर १९७८ साली ही गोष्ट सहज बोलता बोलता आली. एका सकाळी ते स्वतः बघायला गेले. भिंतीच्या पायथ्याशी मोजकेच पक्षी पडलेले होते. ते त्यांनी उचलून संग्रहालयात आणले, मोजले आणि वहीत नोंदवले. त्यानंतर हा नेम चाळीस वर्षांहून अधिक काळ चालला.

हे काम कोणत्याही सिद्धान्तासाठी सुरू झाले नव्हते. मेलेला पक्षी वाया जाऊ नये, एवढाच विचार त्यामागे होता. प्रत्येक पक्ष्याची तारीख, जागा, जात, वजन, पंखाची लांबी आणि पायाच्या हाडाची लांबी विलार्ड हाताने लिहीत गेले. मिशिगन विद्यापीठाचे ब्रायन वीक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५२ जातींचे ७०,७१६ पक्षी होते आणि ते सगळे एकाच माणसाने, एकाच पद्धतीने मोजलेले होते. चाळीस वर्षांत या पक्ष्यांच्या पायाचे हाड सरासरी २.४ टक्क्यांनी आखूड झाले आणि पंख मात्र १.३ टक्क्यांनी लांबले, असे त्यातून दिसले. उन्हाळे तापत गेले तशी शरीरे लहान होत गेली, असा निष्कर्ष या शास्त्रज्ञांनी काढला. शरीर लहान झाले तरी स्थलांतराचा पल्ला तेवढाच राहतो. तो पार करायला लांब पंख उपयोगी पडत असावेत, असा त्यांचा तर्क आहे. १९७८ साली हा प्रश्न कोणाच्या मनातही नव्हता. संग्रहाचे मोल मला इथेच दिसते. उत्तर आधी जमा होते आणि प्रश्न विचारणारा नंतर जन्माला येतो.

एवढे पक्षी गोळा करणे एकट्याचे काम नाही. शिकागो बर्ड कोलिजन मॉनिटर्स या संस्थेचे स्वयंसेवक २००३ पासून पहाटे शहराच्या मध्यभागी फिरतात. हातात जाळी आणि कागदी पिशव्या असतात. जखमी पक्षी उपचार केंद्रात जातो आणि मेलेला फील्ड म्युझियममध्ये. पिशवीवर इमारत आणि तारीख लिहिलेली असलीच पाहिजे. ती नसेल तर आतला पक्षी कितीही देखणा असला तरी विज्ञानाच्या दृष्टीने मुका आहे.

पुढचे काम संग्रहालयाच्या टेबलावर होते आणि तिथेही बिनपगारी हात असतात. गोठवून ठेवलेला पक्षी बाहेर काढून सावकाश वितळू देतात. छातीपासून पोटापर्यंत बारीक चीर देऊन, पिसांना डाग लागू न देता कातडी मोज्यासारखी उलटी करत सोडवतात. रक्त आणि चरबी टिपायला मक्याचे पीठ किंवा लाकडाचा भुसा वापरतात. डोळ्यांच्या जागी कापूस, अंगात काडीभोवती गुंडाळलेला कापूस, मग टाके. स्नायूचा एक तुकडा कुपीत घालून गोठवतात, कारण उद्या कोणी डीएनए तपासायला मागेल. ज्यांचा सांगाडा हवा असतो ते पक्षी डर्मेस्टिड भुंगेऱ्यांच्या पेटीत जातात. या किड्यांच्या अळ्या हाडांवरचे मांस इतके स्वच्छ खातात की माणसाच्या चिमट्याला ते जमणार नाही. शेवटी पायाला चिठ्ठी बांधतात. नवख्याला एका चिमणीएवढ्या पक्ष्यालाही बराच वेळ लागतो आणि घाई केली की कातडी फाटते. जुन्या खणातले नमुने हाताळताना हातमोजे घालावेच लागतात. विसाव्या शतकात बराच काळ कातडी किडीपासून वाचवण्यासाठी आर्सेनिकचा साबण लावत असत आणि ते विष अजून त्या पिसांत आहे.

चिठ्ठीची किंमत महाराष्ट्राला एका घुबडाने शिकवली आहे. रानपिंगळ्याचे वर्णन पक्षिशास्त्रज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ साली केले. या पक्ष्याचे जेमतेम सात नमुने जगातल्या संग्रहांत पोचले. १८८४ नंतर खात्रीचा एकही नाही. अपवाद होता तो रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा. १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ आपण हा पक्षी मिळवला, असे त्याच्या नमुन्याची चिठ्ठी सांगत होती. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या पामेला रासमुसेन यांना त्याच्या संग्रहाबद्दल शंका होती. त्यांनी नमुन्याचे क्ष-किरण चित्र घेतले, भरलेला कापूस आणि टाके तपासले. तो मुळात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात खानदेशात मिळवलेला नमुना होता. माइनर्ट्झहॅगनने तो चोरला, पुन्हा भरला आणि त्याला खोटी चिठ्ठी लावली. त्या एका चिठ्ठीने पक्ष्याचा शोध चुकीच्या जागी नेला होता. रासमुसेन आणि त्यांचे सहकारी बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी मग फक्त खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे धरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात, ११३ वर्षांनी, रानपिंगळा दिवसाउजेडी फांदीवर बसलेला दिसला. नंतर तो मेळघाटात सापडला आणि २०१४ साली मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही.

२००९ साली इंग्लंडमधल्या ट्रिंग येथील संग्रहालयातून २९९ पक्ष्यांच्या कातड्या चोरीला गेल्या. मासेमारीच्या गळावर बांधायच्या रंगीत पिसांसाठी ही चोरी झाली. पुढे त्यातल्या बऱ्याच परत मिळाल्या, पण कित्येकांच्या चिठ्ठ्या कापून टाकलेल्या होत्या. जागा आणि तारीख गेली की ती कातडी संशोधनाला फारशी उपयोगी राहत नाही. माझ्या मते हे नुकसान पिसे उपटण्याहूनही मोठे आहे.

आपल्याकडे हौशी माणसांच्या हातांनीच नमुने जमवण्याची परंपरा सुरू झाली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसे जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्यांत दोन मराठी डॉक्टर होते. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे वनस्पतींचे अभ्यासक डॉ. सखाराम अर्जुन. मिळालेले नमुने एकमेकांना दाखवायचे आणि टिपणे वाचायची, हा त्यांचा कार्यक्रम. पुढे मानद सचिव झालेले फिप्सन हे मद्याचे व्यापारी, तर संस्थापक एटकेन मीठ आणि जकात खात्यातले नोकर. आज संस्थेच्या फोर्टातल्या हॉर्नबिल हाउसमध्ये लाखाहून अधिक नमुने आहेत. पुढे १९११ ते १९२३ या काळात याच संस्थेने सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी केली, तिचे नमुनेही आजच्या अभ्यासाला आधार आहेत.

घरबसल्या करता येण्यासारखे कामही आहे. जगातल्या अनेक संग्रहालयांनी चिठ्ठ्यांची छायाचित्रे इंटरनेटवर ठेवली आहेत आणि ती वाचून टंकित करायला स्वयंसेवक हवे आहेत. ऑस्ट्रेलियातले डिजिव्होल २०११ साली आणि अमेरिकेतले नोट्स फ्रॉम नेचर २०१३ साली सुरू झाले. लंडनच्या संग्रहांत दख्खन, कोकण आणि खानदेशातून गेलेले नमुने पुष्कळ आहेत. त्यांवरची गावांची नावे इंग्रजांनी ऐकली तशी लिहिलेली आहेत. ते गाव तळोदे की धडगाव, हे लंडनच्या किंवा पुण्याच्या मराठी माणसाला चटकन उमगेल. इंग्रज अभ्यासकाला नकाशे धुंडाळावे लागतील. परदेशातल्या मराठी मंडळींनी आपल्या शहरातल्या संग्रहालयात याची चौकशी जरूर करावी.

वाटेत मेलेला पक्षी दिसला तर एक सावधगिरी मात्र हवी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मेलेला आढळलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता असतो. तो उचलून घरी आणू नका. छायाचित्र घ्या, जागा आणि वेळ लिहा आणि वनविभागाला कळवा.

आपल्या तालुक्यातल्या जुन्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात मात्र जा. तिथल्या कपाटात फॉर्मेलीनच्या बाटल्या, पेंढा भरलेले पक्षी आणि फुलपाखरांच्या पेट्या असतील. त्यांच्या चिठ्ठ्यांवरची शाई दरवर्षी फिकट होते आहे. विभागप्रमुखांची परवानगी घ्या, हातमोजे घाला आणि एकेक चिठ्ठी जशी आहे तशी वहीत उतरवून घ्या. वाचता येत नसलेला शब्द अंदाजाने भरू नका. तिथे प्रश्नचिन्ह लिहा.