अम्माऊसच्या वाटेवर तासभर

यरुशलेमपासून अम्माऊस गाव ६० स्टेडिया, म्हणजे साधारण ११ किलोमीटर दूर होतं, असं लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायात नोंदवलं आहे. उल्हासनगर स्टेशनाहून निघून अंबरनाथ मागे टाकत बदलापूरपर्यंत पायी गेलं, तर जवळपास तेवढंच चालणं होतं. धडधाकट माणसाला अडीच-तीन तास लागतील. येशूला क्रुसावर दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याचे दोन शिष्य एवढी वाट तुडवत होते. मध्येच एक अनोळखी माणूस त्यांच्याबरोबर चालू लागला आणि तो कोण, हे त्यांना संध्याकाळी त्याने भाकर मोडली तेव्हा कळलं.

हा उतारा आपल्या प्रार्थनासभांमध्ये नेहमीचाच. कल्याण ते बदलापूर पट्ट्यात मराठी, कोकणी, मल्याळी, तमिळ बोलणारी ख्रिस्ती कुटुंबं राहतात. कॅथलिक असोत वा प्रॉटेस्टंट, कुणाच्या तरी घरी जमून प्रार्थना करण्याची रीत दोघांकडेही आहे. वाचन होतं, कुणी अर्थ सांगतं, बोध निघतो, आजाऱ्यांसाठी विनंत्या होतात, चहा होतो. यात वावगं काही नाही. पण त्याच घरात, त्याच माणसांना घेऊन, उताऱ्याच्या आत शिरूनही प्रार्थना करता येते. त्यासाठी धर्मशास्त्राची पदवी लागत नाही. थोडी शिस्त आणि पुष्कळ शांतता मात्र लागते.

ही पद्धत सर्वांत बारकाईने मांडली ती संत इग्नेशियस लोयोला यांनी. ते मूळचे शिपाईगडी. मे १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. घरी खाटेला खिळलेले असताना त्यांनी शूरवीरांच्या कथा वाचायला मागितल्या. त्या घरात नव्हत्या, म्हणून ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी हाती आल्या. पडल्या पडल्या ते मनोराज्यं करत. कधी एका उच्चकुलीन स्त्रीसाठी गाजवायचे पराक्रम, तर कधी संतांसारखं अनवाणी यरुशलेमला जाणं. दोन्हींत मन सारखंच रमे, फरक नंतर जाणवे. पहिल्या मनोराज्यानंतर मन कोरडं पडे, दुसऱ्यानंतर प्रसन्नता टिकून राही. पुढचं सगळं या निरीक्षणावर उभं राहिलं. त्यातून घडलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली.

त्या पुस्तकात येशूजन्माचं मनन कसं करायचं ते सांगताना इग्नेशियस आधी रस्ता पाहायला लावतात. नासरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता किती लांब, किती रुंद? सपाट, की चढउतारांचा? गुहा केवढी आहे, छत बुटकं की उंच? मग तिथे एक गरीब सेवक होऊन उभं राहायचं आणि त्या कुटुंबाला हवं-नको पाहायचं. प्रश्नांची उत्तरं ते देत नाहीत. मला पुस्तकातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्याची गुहा त्याने पाहायची. स्वतः इग्नेशियस मात्र तपशिलाला किती चिकट होते पाहा. १५२३ मध्ये ते यरुशलेमला गेले. जैतुनाच्या डोंगरावर, येशू स्वर्गात गेला तेव्हाची पावलं जिच्यावर उमटली आहेत असं मानलं जाई, अशी शिळा होती. पहारेकऱ्यांना खिशातला चाकू देऊन त्यांनी ती पाहिली. पुढे गेल्यावर लक्षात आलं, की उजवं पाऊल कोणत्या दिशेला होतं ते नीट पाहायचं राहिलं. ते परत फिरले आणि या खेपेला कात्री देऊन आत शिरले.

आपल्या भाषेशी या परंपरेचं नातं जुनं आहे. १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापून आणणारे फादर थॉमस स्टीफन्स इग्नेशियस यांनीच स्थापन केलेल्या येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट होते. बायबलची कथा त्यांनी मराठी ओवीत आणली. अलीकडच्या काळात मुंबईत जन्मलेले जेझुइट फादर अँथनी डी मेलो यांनी १९७८ च्या आपल्या ‘साधना’ या इंग्रजी पुस्तकात शरीराचं भान, मग कल्पना, मग भक्ती, असा क्रम लावला. छोट्या समूहाने तोच क्रम धरावा.

सहा ते आठ माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली तर शेवटच्या माणसाची पाळी येईपर्यंत घड्याळाकडे नजरा जातात. फोन बंद, टीव्ही बंद, पाठ टेकून बसायचं. उल्हासनगरातल्या घरात संपूर्ण शांतता मिळणार नाही, म्हणून तिची वाट पाहू नये. शेजारची कुकरची शिट्टी, गल्लीतली शिवणयंत्रं, दूरवरून जाणारी लोकल हे सगळं पाच मिनिटं नुसतं ऐकायचं. मग श्वासाकडे लक्ष न्यायचं. त्यानंतर काय हवं आहे, ते प्रभूकडे थोडक्यात मागायचं. इग्नेशियस हे मागणं कधी वगळत नाहीत.

उतारा दोनदा वाचायचा. पहिल्यांदा गोष्ट कळावी म्हणून आणि दुसऱ्यांदा डोळे मिटून, सावकाश. त्यानंतर सभा चालवणाऱ्याने मोजके प्रश्न टाकायचे आणि प्रत्येकानंतर दोन-तीन मिनिटं गप्प राहायचं. वाट कशी आहे? पायांखाली काय आहे, धूळ, खडी, डांबर? अम्माऊसचा रस्ता हुबेहूब पॅलेस्टाइनसारखा दिसला पाहिजे, असं नाही. कुणाला अंबरनाथजवळचा रस्ता दिसेल, तर दिसू द्यावा. दोघांपैकी एकाचं नाव क्लयपा. दुसऱ्याचं नाव लूक देत नाही. त्या दुसऱ्याची जागा आपण घ्यायची.

अनोळखी माणूस येतो आणि कसलं बोलणं चाललंय, असं विचारतो. दोघे थांबतात, त्यांचे चेहरे उतरलेले. मग ते सांगतात, की आम्ही येशूवर आशा ठेवून होतो. इथे घाई करू नये. प्रत्येकाची आपापली मोडलेली आशा असते. बंद पडलेला कारखाना, न जमलेलं लग्न, घर सोडून गेलेला मुलगा. चालता चालता ते त्या माणसाला सांगायचं, आपल्या रोजच्या शब्दांत. तो काय करतो? ऐकतो का? काही बोलतो? एवढं विचारून चालवणाऱ्याने गप्प बसावं.

गाव जवळ येतं आणि तो पुढे जाणार असं दाखवतो. लूकच्या गोष्टीतला हा तपशील वाचताना सहज निसटतो, पण प्रार्थनेत सगळं त्याच्यावर फिरतं, कारण त्याला थांबवायचं की नाही, हे आता आपल्या हातात असतं. तुम्ही त्याला आत बोलावता का? काय म्हणून? मग जेवण. भाकर मोडणारे हात पाहायचे. कुणाच्या डोळ्यांपुढे पाव येईल, कुणाच्या चपाती, दोन्ही चालतात. ओळख पटते आणि तो दिसेनासा होतो. शेवटची पाच मिनिटं त्याच्याशी बोलण्यासाठी ठेवायची. मित्र मित्राशी बोलतो तसं, असं इग्नेशियस सांगतात. सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली, की डोळे उघडायचे.

‘मला काहीच दिसत नाही’ असं सांगणारं माणूस प्रत्येक समूहात असतं आणि ते खजील होतं. त्याला अविलाच्या संत तेरेसाबद्दल सांगावं. प्रार्थनेवर लिहिणाऱ्यांत तिचा अधिकार फार मोठा, पण डोळ्यांसमोर चित्र उभं करणं आपल्याला जमत नाही, असं तिने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. अंधारात कुणी जवळ आहे हे ठाऊक असावं, त्याच्याशी बोलावं, पण तो दिसू नये, तशी तिची अवस्था होती. ज्याला दिसत नाही त्याला पावलांचा आवाज ऐकू येईल, किंवा नुसती सोबत जाणवेल. तेवढ्यावर प्रार्थना होते.

त्यानंतर बोलायची वेळ. माझ्या मते समूहाची खरी कसोटी इथे लागते, कारण आपल्याला साक्ष द्यायची आणि बोध काढायची सवय आहे. एक जण सांगतो, मी त्याला थांब म्हटलंच नाही, दारातून परत फिरलो. लगेच दुसरा त्याला समजावू लागतो. असं होऊ देऊ नये. प्रत्येकाने दोन-तीन मिनिटं स्वतःपुरतं सांगावं, बाकीच्यांनी ऐकावं. दुरुस्ती नको, सल्ला नको, वचनांचा मारा नको. ज्याला बोलायचं नाही, त्याने पुढच्याकडे पाळी द्यावी. कुणाला रडू आलं, तर पाण्याचा पेला पुढे करावा आणि थांबावं. घरात बोललेलं घराबाहेर जाऊ नये, ही अट आधीच सांगून ठेवावी. ‘आध्यात्मिक साधना’ देणाऱ्यालाही इग्नेशियस बजावतात, की निर्माणकर्ता आणि त्याचा माणूस यांच्या मध्ये येऊ नकोस.

जपायच्या गोष्टीही आहेत. कल्पनेत येशूने जे सांगितलं, त्याला आज्ञा समजून कुणी नोकरी सोडू नये, की दुसऱ्याला ‘प्रभूने मला तुझ्याबद्दल सांगितलं’ म्हणू नये. ते शुभवर्तमानाशी ताडून पाहायचं आणि खाटेवरच्या इग्नेशियस यांच्यासारखं, दोन दिवसांनी मन कोरडं पडलं की शांत राहिलं, तेही पाहायचं. घरात नुकताच मृत्यू झालेला असेल, तर क्रुसाजवळचे उतारे त्या माणसासमोर एवढ्यात घेऊ नयेत. नव्या समूहाने माणसं आणि हालचाल असलेले प्रसंग निवडावेत. छप्पर उघडून खाली सोडलेला पक्षाघाती, झाडावर चढलेला जक्कय, मार्था आणि मरियेचं घर. पत्रांमधले शिकवणीचे उतारे या पद्धतीला साजेसे नाहीत.

आणि पुढच्या आठवड्यात लगेच नवा उतारा घेऊ नये. इग्नेशियस त्याच प्रसंगाकडे पुन्हा यायला लावतात, आणि तेही सगळीकडे नाही, जिथे मन हललं किंवा जिथे अडलं तिथे. ज्याने दारातून परत फिरल्याचं सांगितलं, त्याने दारापासून सुरुवात करावी. बाकीच्यांना लूकने एका ओळीत आटोपलेला परतीचा प्रवास घेता येईल. ते दोघे त्याच घटकेला उठले आणि यरुशलेमला परत निघाले, म्हणजे तेच ११ किलोमीटर पुन्हा, बहुधा अंधारात.