कमरेचा पट्टा घेताना आधी बकल बघा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. बंदी चालू होती, 1 जून ते 31 जुलै. ट्रॉलर जेटीला, होड्या माडांखाली ताडपत्री घालून. अशा दिवसांत घरच्या कढीसाठी आपली माणसं पाग खांद्यावर टाकून खाडीत उतरतात, तसा मीही उतरलो. शापोरा नदीच्या मुखाच्या आतल्या बाजूला, मोरजीकडच्या वाळूच्या पट्टीवर. ही पट्टी दर वर्षी जागा बदलते, हे तिथे होडी घालणाऱ्याला सांगायला नको.

कमरेला नवा पट्टा होता. बाजारातून घेतलेला, एनसीसीच्या पोरांच्या कमरेला असतो तसला जाड सुती कापडाचा, पुढे चकचकीत बकल. त्याला डाव्या बाजूला शेवट्यांची जाळीची पिशवी आणि मागे पाठीवर सुरी. आणि हात मोकळे राहावेत म्हणून मी शहाण्याने पागाची दोरी मनगटात न घेता पट्ट्यालाच बांधली होती.

पाग टाकला आणि खाली कशात तरी अडकला. जुना खुंट असेल, नाहीतर कालवांचा दगड. भरती चढत होती. पाणी मांडीवरून कमरेला आलं, कमरेवरून पोटाला. मागे सरकायला गेलो तर पट्टा मलाच पुढे ओढतोय. बकल सोडायला गेलो तर कापड भिजून फुगलेलं, बकलात वाळू बसलेली. दोन्ही हातांनी जोर लावला, हललं नाही. सुरी पाठीमागे होती, तिथे हात पोचेना. शेवटी चुलत भाऊ पाठच्या बाजूने आला आणि त्याने दोरी कापली. पाग गेला. पाणी तेव्हा छातीला लागलं होतं, एवढंच.

घरी आल्यावर बाबांनी पट्टा हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "दोरयेक गाठ मारतलंस तर ती एका हातान सुटाक व्हयी. ह्या मी तुका लहानपणी शिकवलंलंय मां?" शिकवलं होतं. गाठीबद्दल शिकवलं होतं, पट्ट्याबद्दल माझ्या डोक्यात आलंच नाही.

म्हणून हा लेख. पाण्यात उभं राहून मासे धरताना कमरेला बांधायचा हा पट्टा, दुकानात 'वेडिंग बेल्ट' म्हणून मागतात तो, आपल्यात आता बरेच जण घेऊ लागलेत. पाग टाकणारे, गळ टाकणारे, तिसऱ्या-खुबे काढणाऱ्या बायका, कोळंबीच्या तळ्यात उतरणारे. किंमत बघून, रंग बघून घेतात. खरं बघायचं असतं ते वेगळंच.

पट्ट्याची कामं तशी तीन. सुरी, पिशवी, पक्कड कमरेला राहते आणि हात मोकळे होतात. वाकून-वाकून, पाग ओढून कंबर भरून येते, तिला थोडा आधार मिळतो. आणि ज्यांनी छातीपर्यंतचे रबरी वेडर घातलेत, त्यांच्या वेडरमध्ये वरून पाणी भरायला पट्टा अडवतो. या तिन्हींच्या आधी एक चौथी गोष्ट आहे: अडचण आली तर पट्टा एका हाताने, न बघता, ताण असतानाही सुटला पाहिजे. हे जमत नसेल तर बाकीची तिन्ही कामं कितीही छान करत असला तरी तो पट्टा पाण्यात नेऊ नका.

वेडरबद्दल आपल्याकडे एक समज पक्का आहे, की त्यात पाणी भरलं की माणूस दगडासारखा खाली जातो. तसं नाही. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारख्याच वजनाचं, त्यामुळे भरलेला वेडर पाण्याखाली तुम्हाला खाली ओढत नाही. त्रास दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे वेडर फुगून गोणीसारखा होतो आणि प्रवाह त्याला धरतो, पाय टाकणं अशक्य होतं. दुसरं म्हणजे काठावर चढताना, कारण पाण्याबाहेर आलं की आतल्या सगळ्या पाण्याचं वजन तुमच्या पायांवर. तिथे माणूस घाबरतो, दमतो. वेडरच्या बाहेरून, बेंबीच्या थोडं वर आवळून पट्टा बांधला असेल तर पाणी एकदम आत जात नाही, हळूहळू जातं, आणि आत राहिलेली हवा थोडं तरंगवते. तेवढ्यात काठ गाठता येतो. खाजणातल्या तळ्यांत काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा, कारण मानशीच्या दाराजवळचं पाणी दिसतं शांत आणि दार उघडलं की ओढतं.

पण आपण बहुतेक जण हाफ पँटवरच उतरतो. गोव्याच्या उकाड्यात वेडर घालून कोण शिजून घेणार! मग पट्ट्याचं बकल हाच सगळ्यात मोठा प्रश्न उरतो.

बाजूने दोन बोटांनी दाबून उघडायचं प्लास्टिकचं बकल, शाळेच्या दप्तराला असतं तसं, सगळीकडे मिळतं. गंजत नाही, स्वस्त आहे. त्याची खोट अशी की पट्ट्यावर जोराचा ताण असला की त्याचे काटे आत दाबले जात नाहीत, आणि वाळू शिरली की आणखीच. घ्यायचंच असेल तर मोठ्या आकाराचं घ्या, ओल्या बोटांनी धरता येईल असं. लोखंडी हुकाचं बकल, वर चकचकीत मुलामा दिलेलं, अजिबात नको. मुलामा खाऱ्या पाण्यात किती टिकतो ते आपल्या होडीवरचे स्क्रू सांगतील. पँटच्या पट्ट्याला येतात ती आपोआप अडकणारी दातेरी बकलंही नको, त्यांच्या आतली बारीक स्प्रिंग गंजते आणि बाहेरून कळतही नाही. वेल्क्रो पहिले काही दिवस झकास चालतं. मग त्यात वाळू, खवलं, शेवाळाचे धागे अडकतात आणि नको तेव्हा सुटतं. पट्टा सुटणं हे अडकण्यापेक्षा बरं, पण सुरी आणि पिशवी घेऊन जाईल हे धरून चाला.

मला पसंत पडलं ते पट्टीचं बकल, ज्याची जीभ वर उचलली की पट्टा सैल पडतो. ताण असला तरी ते उघडतं, कारण त्यात काटे दाबायचे नसतात. मात्र धातूचं असेल तर स्टेनलेसच हवं, आणि शक्य तर 316 नंबरचं. त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून खाऱ्या पाण्याला ते 304 पेक्षा जास्त दाद देत नाही. दुकानदार सगळ्यालाच स्टेनलेस म्हणतो. घरातल्या फ्रिजवरचं चुंबक खिशात घालून जा. चुंबक घट्ट चिकटलं तर ते साधं लोखंड किंवा हलका माल समजा. नाही चिकटलं तर 304 की 316 हे मात्र चुंबकाने कळणार नाही, तिथे छाप बघावा लागतो नाहीतर दुकानदारावर विश्वास.

पट्ट्याचं कापड. सुती नको, हे मी अंगावर शिकलो. चामड्याचा तर विचारच सोडा, आपल्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या चपलेवर बुरशी येते. उरले तीन. नायलॉन मजबूत आहे, पण पाणी पितो आणि ओला झाला की थोडा ताणतो. काठावर घट्ट बांधलेला पट्टा पाण्यात अर्ध्या तासाने सैल वाटतो तो यामुळे. पॉलिप्रॉपिलीन, आपल्या तरंगत्या दोऱ्या ज्याच्या असतात ते, पाणी पीत नाही, हलकं आहे, हातातून सुटलं तर तरंगतं. पण गुळगुळीत असल्याने बकलातून सरकतं आणि उन्हाने लवकर फुटतं. पॉलिस्टरचा पट्टा पाणी जवळजवळ पीत नाही, ताणत नाही, ऊनही बरं सोसतो. मी तोच घेतला. फोमसारखे मऊ निओप्रीनचे रुंद पट्टेही मिळतात, कमरेला फार सुख देतात, पण उन्हात वाळत टाकले की भेगा पडतात. ज्याची कंबर दुखते त्याने ते घ्यावेत, सावलीत वाळवायची सवय असेल तर.

रुंदी साधारण 2 इंच पुरते. त्याहून अरुंद पट्टा भरलेल्या पिशवीच्या वजनाने कमरेत रुततो. कंबर दुखणाऱ्यांसाठी 4 इंचांचे येतात, पण ते वाकताना बरगडीला लागतात. आपल्या बायका तिसऱ्या काढताना तासन्‌तास वाकलेल्या असतात, त्यांनी रुंद पट्टा घालून दुकानातच दोन-चारदा वाकून बघावं. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

आता पट्ट्याला काय लावायचं. सुरी पुढे, ज्या हाताने काम करता त्या बाजूला, म्यानात, पण अशी की दुसऱ्या हातालाही पोचेल. माझ्या त्या दिवशीच्या सगळ्या चुकांत सुरी पाठीवर ठेवणं ही सगळ्यात वेडी चूक होती. शिट्टी लावा, आत गोटी नसलेली, ती भिजली तरी वाजते. वाऱ्यात हाक ऐकू जात नाही. मोबाईल पाणी न शिरणाऱ्या पाकिटात. 112 सगळ्यांना ठाऊक असतो, समुद्रावरच्या संकटासाठी तटरक्षक दलाचा 1554 हाही नंबर साठवून ठेवा.

माशांची पिशवी मोठ्या भोकांच्या जाळीची हवी आणि तीही ओढताच सुटेल अशी अडकवलेली. याचं कारण हिशेबाचं आहे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा ढकलण्याचा जोर चौपट होतो. भरतीच्या मध्यावर, म्हणजे पाणी सगळ्यात जोरात धावतं तेव्हा, कमरेला बांधलेली भरगच्च पिशवी शिडासारखी वागते. तिच्यात चोणक आहे की नुसत्या काळुंदऱ्या, प्रवाहाला फरक पडत नाही. पाणी मांडीच्या वर गेलं की पिशवी काठावर रिकामी करून या. फेरी वाढते, वाढू दे. उधाणाच्या दिवसांत, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, आपल्याकडे पाणी सुमारे दोन मीटर चढ-उतार करतं आणि सहा तासांत करतं. भांगाच्या दिवसांत जिथे गुडघाभर उभे होता तिथे उधाणाला त्याच सवयीने जाऊ नका.

आणि पागाची दोरी पट्ट्याला नको. कधीच नको. पूर्वीपासून ती मनगटात सरक्या फासाने घेतात, हात खाली सोडून झटकला की निघते. लोक म्हणतात मनगट कापतं. मग मनगटाला कापडी पट्टी गुंडाळा. पाग पुन्हा विणता येतो, शिशाच्या गोळ्या पुन्हा मिळतात. मी तो पाग महिनाभराने हळूहळू पुन्हा उभा केला, बाबांनीच अर्धा विणून दिला, तोंडाने एक शब्द न बोलता. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आता हवेने फुगणारे पट्टेही मिळतात. कमरेला छोटी पुडी, दोरी ओढली की गॅसच्या नळीने फुगते. हलके आहेत, उकडत नाही, म्हणून तरुण पोरांना आवडतात. पण फुगल्यावर ते बहुतेक डोक्यातून गळ्यात घालावे लागतात, आणि फुटणाऱ्या लाटेत, एक हात पागात असताना, हे करून बघा म्हणजे कळेल. गॅसची नळी एकदाच चालते, तिची तारीख बघावी लागते. पोहता न येणाऱ्याने यावर भिस्त ठेवू नये, त्याने साधं फोमचं लाईफ जॅकेटच घालावं. जॅकेट घातलंत तर पट्ट्याचं बकल त्याखाली झाकलं जाणार नाही असं बघा.

बोटमालकांना थोडं वेगळं सांगायचं आहे. होडी लाटेतून ढकलायला किंवा रांपणीची दोरी धरायला जी माणसं पाण्यात उडी घेतात, त्यांना तुम्ही पट्टे घेऊन देत असाल तर सगळ्यांना एकाच तऱ्हेचं बकल द्या. उद्या एकाला दुसऱ्याचा पट्टा सोडायची वेळ आली तर ते कसं उघडतं हे शोधत बसायला नको. पट्ट्याचं उरलेलं टोक लोंबकळत ठेवू देऊ नका, खोचा नाहीतर कापून टोक मेणबत्तीवर वितळवून घ्या. आणि होडीवर चढल्यावर, विंचजवळ किंवा इंजिनाच्या फिरत्या भागाजवळ काम करायच्या आधी, तो पट्टा काढायचा. पाण्यात उपयोगी पडलेलं लोंबतं टोक तिथे माणसाला ओढून नेतं. परप्रांतातून आलेल्या खलाशांना हे त्यांच्या भाषेत सांगा, हातवारे करून सांगितलंत तरी चालेल, पण सांगा.

नवा पट्टा आणल्यावर एक परीक्षा करा. गुडघाभर पाण्यात जा, पट्टा भिजवा, बकलात मूठभर ओली वाळू चोळा. मग कुणाला तरी पट्टा मागून जोरात ओढून धरायला सांगा आणि डोळे मिटून एका हाताने सोडा. आधी उजव्या, मग डाव्या. तीनदा करा. एकदाही अडला तर परत दुकानात. पावती जपून ठेवा, आणि पट्टा आणल्याच दिवशी ही परीक्षा करा, म्हणजे दुकानदाराला बोलायला जागा राहत नाही. मला ओल्या वाळूचा पट्टा परत घ्यायला एकाने नकार दिला होता, तेव्हा पुढच्या वेळी मी दुकानदाराला आधीच सांगून आणला.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, बकल उघडं ठेवून सावलीत टांगा. आमचा पडवीत पागाच्या शेजारी टांगलेला असतो. बाबा अजून खाडीत उतरतात, त्यांना पट्टा नको असतो, कमरेला सुतळी आणि तिला एक फास, तेवढंच. मागच्या आठवड्यात मात्र मी बाहेरून आलो तर पडवीत उभे राहून माझा पट्टा कमरेला लावून बघत होते. डोळे मिटलेले, एका हाताने बकल सोडत होते.