उभ्याने गवत कापायचं मशीन

हरळीचं एक कांडं बोटांत धरून हळूच वर ओढा. ते मधेच तुटत नाही, पेऱ्यातून अलगद निसटतं. निसटलेलं टोक फिकट, ओलसर आणि इतकं कोवळं असतं की नखाने चिरडता येतं. गवताची वाढ होते ती इथे. आंब्याची किंवा लिंबाची फांदी शेंड्याकडून वाढते, म्हणून शेंडा खुडला की ती फांदी थांबते. गवताने कारखाना खाली ठेवलाय. पान बुडाकडून वर सरकत राहतं, कांडं पेऱ्यापेऱ्यातून लांबतं आणि नवे फुटवे जमिनीलगतच्या गाठीतून निघतात. वरचं टोक शेळीने खाल्लं, विळ्याने कापलं किंवा मशीनच्या पात्याने उडवलं, तरी कारखाना चालूच राहतो. लॉन नावाची गोष्ट जगात शक्य झाली ती एवढ्या एका सोयीमुळे. दर आठवड्याला शेंडा छाटला तरी आनंदाने दाट होत जाणाऱ्या वनस्पती फार थोड्या.

ही सोय किती जुनी आहे, याचा एक पुरावा आपल्याच महाराष्ट्रात मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा सापडते. तिचा अभ्यास 2005 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म वाळूकण होते, आणि तेही एकाच जातीच्या गवताचे नव्हते. काळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याआधी जगभर समजूत अशी होती की गवत डायनोसॉरच्या नंतर आलं. त्याच सुमाराला दख्खनवर लाव्हाचे थर साचत होते. जामखेड तालुक्यातल्या बालाघाट डोंगराचा काळा कातळ त्याच लाव्हाचा. आज त्या कातळाची झीज होऊन झालेल्या मातीत आपण लॉन लावतो आणि कापायला मशीन शोधत फिरतो. या गोष्टीचं माझं नवल कधीच सरत नाही.

विष्ठेत सापडलेले ते वाळूकण आजच्या गवतातही असतात. गवत जमिनीतून सिलिका शोषतं आणि पानात तिचे कण बसवतं. गवताचं पान बोट कापतं ते त्यामुळे. मशीनचं पातं बोथट होतं त्यातही या कणांचा वाटा असतो, बाकीचं काम माती आणि खडे करतात. पात्याला धार नसेल तर पान कापलं न जाता फाटतं, त्याच्या टोकाला दोरे सुटतात, आणि दोन दिवसांत सगळ्या हिरवळीवर पांढुरकी-तपकिरी छटा चढते. मालकाला वाटतं पाणी कमी पडलं. पाणी पुरेसं असतं, पातं घासायचं राहिलेलं असतं.

आता कापण्याचा प्रकार बघा. विळ्याने गवत कापताना डावा हात मूठ धरतो आणि उजवा ओढतो. गवताला धरून ठेवणारं कुणीतरी लागतंच, नाहीतर ते पात्यापुढे वाकून निसटतं. कात्रीत ते काम दुसरं पातं करतं. इंग्लंडमध्ये स्ट्राउड इथल्या एडविन बडिंगने 1830 साली लॉन कापायचं पहिलं मशीन केलं, तेही कात्रीच्याच तत्त्वावर. लोकरीच्या कापडावरची लव कातरण्याचं गिरणीतलं यंत्र त्याने पाहिलं होतं आणि तेच जमिनीवर आणलं. पण आजच्या बहुतेक मशीनमध्ये एकच आडवं पातं गरगर फिरतं, गवताला धरणारं कुणी नसतं. मग पान वाकत का नाही? त्याला वाकायला वेळच मिळत नाही. पानाचं स्वतःचं जडत्व त्याला क्षणभर जागच्या जागी धरून ठेवतं आणि तेवढ्यात पातं आरपार गेलेलं असतं. डाव्या हाताची जागा इथे वेगाने घेतली आहे.

हा वेग भयंकर असतो. अमेरिकेतल्या सुरक्षा मानकाने पात्याच्या टोकाला मिनिटाला 19,000 फुटांची मर्यादा घातली आहे, म्हणजे ताशी सुमारे 347 किलोमीटर. व्यावसायिक मशीनं या मर्यादेच्या थोडीच आत चालतात. त्या वेगाच्या पात्यात मुरमाचा खडा आला तर काय होईल, याची कल्पना करावी आणि मग मशीनच्या बाजूचं झाकण काढून काम करणाऱ्या माणसाला तिथल्या तिथे थांबवावं.

जामखेडसारख्या तालुक्याच्या गावात लॉन कुठे आहे, असं कुणी विचारेल. मंगल कार्यालयांच्या पाट्या वाचल्या तरी उत्तर मिळतं. बहुतेकांच्या नावापुढे ‘लॉन्स’ असतंच. पाच-दहा गुंठ्यांपासून एकरापर्यंतची हिरवळ, खाली आणून टाकलेली तांबडी माती, वर नर्सरीतून आणलेलं मेक्सिकन किंवा सिलेक्शन नंबर वन जातीचं गवत. शिवाय शाळा-कॉलेजांची मैदानं, पेट्रोल पंपांच्या बाजूच्या पट्ट्या, सोलरच्या पॅनलखालचं गवत. तालुक्यातलं चौंडी हे अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव. 31 मे 1725 चा तो जन्म. त्रिशताब्दीच्या वर्षात, 6 मे 2025 ला, राज्य मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत झाली. अशा ठिकाणी हजारो पावलं पडणार असतील, तर तिथली जमीन नीट राखणारी माणसंही लागणार. आज हे काम बहुतेक ग्रास कटरवर चालतं. खांद्यावर पट्टा, टू-स्ट्रोक इंजिन, दांड्याच्या टोकाला नायलॉनची दोरी. ती दोरी 1971 साली ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलसला सुचली. गाड्या धुण्याच्या यंत्रातले फिरणारे ब्रश बघून त्याने पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, त्यात मासेमारीची दोरी ओवली आणि डबा फिरवला. बांधावरचं गवत, झाडाचं बूड, भिंतीची कड यांसाठी ग्रास कटरला आजही तोड नाही. पण एकरभर लॉन ग्रास कटरने एका उंचीत कापणं माणसाच्या हातून होत नाही, लाटा पडतात.

अशा लॉनसाठी गवत कापणारे अनेक व्यावसायिक ज्या मशीनकडे वळले, ते म्हणजे उभ्याने चालवायचं मशीन. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या बिल राइटने ते बाजारात आणलं. तो स्वतः गवत कापण्याची कंत्राटं घेणारा माणूस होता. आज टोरो, स्कॅग, राइट अशा बऱ्याच कंपन्या अशी मशीनं बनवतात.

त्याची रचना पाहिली की थक्क व्हायला होतं. पुढे दोन मोकळी चाकं, खुर्चीच्या चाकांसारखी हवी तिकडे वळणारी. मागची दोन चाकं मशीनला ढकलणारी, आणि प्रत्येक चाकाला स्वतःचा वेगळा हायड्रॉलिक पंप आणि मोटर. स्टिअरिंग नाहीच. डाव्या-उजव्या हाताला दोन दांडे असतात. दोन्ही सारखे ढकलले की मशीन सरळ जातं, एक जास्त ढकलला की वळतं, एक पुढे आणि एक मागे केला की जागच्या जागी गिरकी घेतं. पुढे डेक, म्हणजे रुंद झाकण, आणि त्याखाली पाती. मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक फळी, आणि तिच्यावर माणूस उभा.

हे दृश्य आपल्या शेतकऱ्याला नवं नाही. पेरणीआधी ढेकळं फोडून रान सपाट करायला बैलांमागे फळी मारतात, तेव्हा माणूस तिच्यावर उभा राहतो. कुठे ढेकूळ मोठं आलं तर वजन पुढे टाकायचं, कुठे फळी रुतली तर टाच हलकी करायची, खड्डा आला तर गुडघ्यात वाकायचं. त्या माणसाचं वजन अवजाराचाच भाग असतं आणि त्याचे गुडघे अवजाराच्या स्प्रिंगा. उभ्याने चालवायच्या मशीनमध्ये तंतोतंत हेच घडतं. चढावर माणूस पुढे झुकतो, तिरक्या उतारावर वरच्या अंगाला कलतो, आणि गुरुत्वमध्य त्याच्याबरोबर सरकतो. बसून चालवायच्या मशीनवर सत्तर किलोचा माणूस खुर्चीला खिळलेला असतो, प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट त्याच्या मणक्यात जातो. आणि मशीन कलंडायला लागलं तर उभा माणूस मागे पाय टाकून उतरू शकतो. तो फळीवरून उतरला की पाती आपोआप बंद पडतात.

इतकं कौतुक झाल्यावर उताराबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. पुढची चाकं मोकळी असल्याने ती मशीनला धरून ठेवत नाहीत. ओल्या गवतावर मागची चाकं घसरली तर वळवणंही गेलं आणि थांबवणंही गेलं. बहुतेक कंपन्या 15 अंशांच्या आसपास हद्द घालतात. तळ्याच्या भरावावर, कॅनॉलच्या कडेला हे मशीन नेऊ नये. तिथे ग्रास कटरच बरा.

निवडताना लोक आधी हॉर्सपॉवर विचारतात. माझ्या मते आधी टेप घेऊन फाटकं मोजावीत. 36 इंची डेकचं मशीन बहुतेक फाटकांतून जातं, 52 इंची अडतं. आणि मंगल कार्यालयाचा मोठा दरवाजा उघडा असला तरी स्टेजमागची, कारंज्याभोवतीची वाट अरुंदच असते. मग हिशेब करावा. हाताने ढकलायचं 21 इंची मशीन ताशी 4 किलोमीटरने चालवलं आणि वळणं, पट्ट्यावर पट्टा चढवणं यात पाचवा हिस्सा गेला असं धरलं, तर तासाला साधारण 17 गुंठे होतात. 36 इंची उभं मशीन ताशी 8 किलोमीटरने त्याच हिशेबाने 58 गुंठे कापतं आणि 52 इंची जवळपास दोन एकर. एकरभराच्या लॉनला पहिल्याला जवळपास अडीच तास लागतील, दुसऱ्याला पाऊण तास. पण दहा गुंठ्यांच्या लॉनवर मशीन पिकअपमधून उतरवणं आणि परत चढवणं यातच वाचलेला वेळ संपतो.

त्यानंतर जमीन बघावी. हे मशीन साडेतीनशे-चारशे किलोचं असतं, वर माणूस. काळ्या रानात पावसाळ्यात ते चाकोऱ्या पाडणार आणि उन्हाळ्यात भेगांमध्ये पुढचं चाक अडकणार. म्हणून तांबडी माती किती जाड टाकली आहे, पाणी कधी दिलं, हे विचारल्याशिवाय मशीन आत घालू नये. वेड्या बाभळीचे काटे चाकात घुसणारच, तेव्हा पुढची चाकं भरीव घ्यावीत, मागची हवेची राहू द्यावीत. गिरकीचा मोह मात्र टाळायचा. एक चाक जागीच ठेवून फिरवलं की त्याच्याखालची हिरवळ चंद्रकोरीच्या आकारात सोलली जाते. थोडं मागे घेऊन, तीन टप्प्यांत वळावं.

धंद्याची खरी अडचण हंगामाची आहे, आणि मला ती सगळ्यात रंजक वाटते. हरळीला ऊन आणि ऊब लागते. तिशीच्या आसपासच्या तापमानात, ओल असेल तर, ती सुसाट वाढते. म्हणजे जून ते ऑक्टोबर. नेमका तेव्हाच चातुर्मास, लग्नं जवळपास बंद, लॉनमालकाच्या हातात पैसा नाही. तो म्हणतो, दिवाळीनंतर बघू. पण एकावेळी पानाचा तिसरा हिस्साच कापावा हा गवताचा नियम आहे, त्याहून जास्त काढलं की मुळं उपाशी पडतात आणि खालचं पिवळं कांडं उघडं पडतं. दिवाळीनंतर गुडघाभर गवत एकदम छाटलं, तर पहिल्या लग्नाला लॉन करपलेलं दिसणार. म्हणून या धंद्यात नगावर काम घेऊ नये, बारा महिन्यांचा ठराव करावा. पावसाळ्यात आठवड्याला, हिवाळ्यात महिन्यातून एक-दोनदा. मालकाला हे पटवण्यासाठी गवताची वाढ कुठे होते ते त्याच्या हातात कांडं देऊन दाखवावं. आकड्यांपेक्षा ते जास्त समजतं.

कातरणाचं काय करायचं, हाही प्रश्न येतो. दुष्काळी भागात कापलेलं गवत फेकवत नाही. पण लॉनवर तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेलं असू शकतं, शिवाय बारीक ओलं कातरण ढिगात लवकरच तापायला लागतं. ते जनावरांना घालू नये. थोडं थोडं कापलं असेल तर तिथेच पडू द्यावं. लॉनच्या नत्राच्या गरजेचा सुमारे चौथा हिस्सा त्यातून परत मिळतो.

आणि पैसे? अमेरिकेत अशी मशीनं साधारण आठ-दहा हजार डॉलरपासून पुढे मिळतात. म्हणजे सात ते नऊ लाखांपासून सुरुवात, त्यात आयातीचा खर्च वेगळा, सुटे भाग आणि बेल्ट मागवायला लागणारे आठवडे वेगळे. एकट्या जामखेडच्या लॉनवर ते वसूल होणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवात 21 इंची, स्वतः पुढे सरकणाऱ्या मशीनने आणि एका चांगल्या ग्रास कटरने करावी. जामखेड, कर्जत, आष्टी, पाटोदा मिळून बारमाही ठरावांची जमीन पंधरा-वीस एकरांच्या पुढे गेली, त्यातली मोठी मैदानं सपाट असली आणि फाटकांतून 36 इंची आत जात असलं, की उभ्या मशीनचा विचार करावा.

विकणाऱ्याला प्रात्यक्षिक त्याच्या अंगणात दाखवू देऊ नये. आपल्या सगळ्यात अवघड लॉनवर, सकाळी दव असताना बोलवावं आणि दांडे स्वतः हातात घ्यावेत. तासभर उभं राहून पोटऱ्या किती भरतात ते बघावं. बेल्ट कसा बदलायचा आणि पाती कशी काढायची, हे त्याला करून दाखवायला लावावं. मग दोन दिवसांनी त्याच लॉनवर जाऊन पाच-सहा ठिकाणची पानं खुडून टोकं तपासावीत. टोक सरळ कापलेलं असेल तर भावाची बोलणी सुरू करावीत.