पहिल्यांदाच क्रूझवर जाताय? बुकिंगपासून परतीपर्यंत 'या' गोष्टी विसरू नका. समजून घ्या सोप्या शब्दांत

मार्च २०२४ मधली घटना आहे. 'नॉर्वेजियन डॉन' हे क्रूझ जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेकडील साओ टोमे या बेटावर थांबलं होतं. आठ प्रवासी खासगी टूर घेऊन बेट पाहायला गेले आणि परतायला त्यांना उशीर झाला. तटरक्षक दलाच्या बोटीतून ते जहाजाजवळ पोहोचले, पण कप्तानाने त्यांना वर घेतलं नाही. जहाज निघून गेलं. त्यानंतर एकामागून एक देश पार करत हे प्रवासी सेनेगलपर्यंत गेले आणि तिथे त्यांना पुन्हा जहाजावर चढता आलं.

जगभर गाजलेल्या या प्रकरणात नियम मात्र साधा होता. जहाज कुणासाठी थांबत नाही. रेल्वे चुकली तर पुढची मिळते, एसटी चुकली तर वडाप असतं. जहाज चुकलं तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च आपला.

मुंबईतून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझमुळे हा प्रवास आता मराठी मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आला आहे. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, आई-बाबांची साठी अशा निमित्ताने अख्खं कुटुंब निघतं. पण विमानाचे नियम माहीत असतात, तसे जहाजाचे नसतात. म्हणूनच पहिल्या फेरीत हमखास होणाऱ्या चुका आणि त्या टाळण्याचे मार्ग पाहूया.

तिकिटात नेमकं काय येतं?

जाहिरातीतला दर बहुतेक वेळा 'प्रति व्यक्ती, एका केबिनमध्ये दोघे' या हिशोबाचा असतो. एकट्याने जायचं असेल तर दुसऱ्या माणसाचे पैसेही बऱ्याच अंशी भरावे लागतात. मूळ भाड्यावर पोर्ट चार्जेस, कर आणि अनेकदा कर्मचाऱ्यांसाठीची ग्रॅच्युइटी लागते. त्यामुळे तुलना करताना शेवटच्या पानावरची एकूण रक्कम पाहा.

मुख्य रेस्टॉरंट किंवा बुफेचं जेवण, स्विमिंग पूल आणि बरेचसे शो साधारणपणे भाड्यात येतात. मद्य, स्पेशालिटी रेस्टॉरंट, स्पा, वाय-फाय आणि बंदरावर उतरून केलेली सहल यांचे पैसे वेगळे. जहाजावर रोख पैसे फारसे चालत नाहीत. केबिनचं कार्डच दाराची किल्ली, ओळखपत्र आणि 'उधारीची वही' असतं. मुलांच्या हातात ते दिलं असेल, तर रोज रात्री रिसेप्शनवर बिल तपासा. शेवटच्या दिवशी बसणारा धक्का टळेल.

जैन किंवा विशिष्ट पथ्याचं जेवण हवं असेल, तर बुकिंग करतानाच कळवा. जहाज एकदा सुटलं की स्वयंपाकघरात जे भरलं आहे, त्यातूनच सगळ्यांचं भागवायचं असतं.

केबिन कुठली घ्यावी? 'बोट लागू' नये म्हणून काय?

गाडी लागते तशी बोटही लागते, हे कोकणात जाणाऱ्या जुन्या पिढीला सांगावं लागत नाही. यामागचं विज्ञान सोपं आहे. जहाज सी-सॉसारखं पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे डोलतं. सी-सॉच्या टोकाला बसलेला जास्त वर-खाली होतो, मधला कमी. त्यामुळे जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर असलेल्या केबिनमध्ये हालचाल सर्वांत कमी जाणवते. वरच्या मजल्यावरची, टोकाची बाल्कनी फोटोत छान दिसते. पण ज्यांना घाटातही मळमळतं, त्यांनी ती टाळलेली बरी.

त्रास होऊ लागला की केबिनमध्ये मोबाइल पाहत पडून राहू नका. मोकळ्या डेकवर या आणि क्षितिजाकडे पाहा. डोळ्यांना आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला मिळणारा संदेश एकसारखा झाला की मळमळ कमी होते. गोळी घ्यायची असेल, तर डॉक्टरांना आधी विचारा आणि त्रास सुरू होण्यापूर्वी घ्या.

ऋतूचाही विचार करा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. साधारण ऑक्टोबर ते मे हा इथला क्रूझचा हंगाम मानला जातो.

कागदपत्रं: छोटी चूक, मोठा फटका

देशांतर्गत क्रूझसाठीही सरकारी फोटो ओळखपत्र लागतं. लहान मुलांचंही घ्या. तिकिटावरचं आणि ओळखपत्रावरचं नाव जुळतं का, ते बुकिंगच्या दिवशीच पाहा. वेब चेक-इन घरूनच करून ठेवा. लक्षद्वीपला उतरायचं असेल तर प्रवेश परवाना आवश्यक असतो. तो कंपनी काढून देणार की आपण काढायचा, हे आधी विचारा.

परदेशी क्रूझमध्ये सर्वाधिक गोंधळ व्हिसाचा होतो. समजा, ग्रीसहून निघालेलं जहाज तुर्कस्तानला जाऊन पुन्हा ग्रीसला येतं. इथे तुम्ही शेंगेन क्षेत्राबाहेर जाऊन परत आत येता. सिंगल एंट्री व्हिसा असेल, तर अनेकदा थेट धक्क्यावरच प्रवास संपतो. त्यामुळे मल्टिपल एंट्री व्हिसा लागेल का, हे मार्गातल्या प्रत्येक बंदरासाठी तपासा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत किमान सहा महिने हवी.

घरात गर्भवती असेल किंवा तान्हं बाळ असेल, तर अटी नीट वाचा. बहुतेक कंपन्या २४ आठवडे पूर्ण झालेल्या गर्भवतींना प्रवास करू देत नाहीत. बाळांसाठीही किमान वय ठरलेलं असतं.

हातातल्या बॅगेत काय हवं?

मोठ्या बॅगा टर्मिनलवर घेतल्या जातात आणि केबिनपर्यंत पोहोचायला काही तास लागतात. तोपर्यंत आजोबांच्या दुपारच्या गोळ्यांची वेळ टळून जाते. म्हणून औषधं, प्रिस्क्रिप्शन, ओळखपत्र, चार्जर, पॉवर बँक आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेतच ठेवा. औषधं दोन-तीन दिवसांची जास्तीची घ्या.

इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, मेणबत्ती, अगरबत्ती, सुरी आणि बाहेरचं मद्य जहाजावर नेऊ देत नाहीत. यातल्या अनेक वस्तूंमागचं कारण म्हणजे आग. शहरात अग्निशमन दल बोलावता येतं, भर समुद्रात खलाशीच अग्निशमन दल असतात.

मार्च २००६ मध्ये 'स्टार प्रिन्सेस' या जहाजाच्या बाल्कन्यांना आग लागली होती. एका प्रवाशाचा मृत्यू झाला. नीट न विझवता टाकलेलं सिगारेटचं थोटूक हे तपासातलं सर्वांत संभाव्य कारण होतं. म्हणून सिगारेट फक्त नेमून दिलेल्या जागीच. बाल्कनीतून काहीही खाली टाकायचं नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार समुद्रात प्लास्टिक टाकायला पूर्ण बंदी आहे, मग ती वेफर्सची रिकामी पिशवी का असेना.

मस्टर ड्रिल: सेल्फीची वेळ नव्हे

जहाजावर चढल्यावर सगळ्यांना एक सराव करावा लागतो. धोक्याच्या वेळी आपण कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं, हे त्यात दाखवतात. अनेकांना ही कटकट वाटते. ती का नाही, हे 'कोस्टा कॉन्कॉर्डिया'ने दाखवलं.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री हे जहाज इटलीतील जिलिओ बेटाजवळ खडकावर आदळलं. ३२ जणांचा मृत्यू झाला. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे तो २४ तासांत घेतला तरी चालत होता. या दुर्घटनेनंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी हा सराव घेणं बंधनकारक आहे.

आपल्याकडेही ही आठवण जुनी आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक जणांचा जीव गेला.

म्हणून तीन गोष्टी पाठ करा. सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे आणीबाणी. आपलं मस्टर स्टेशन केबिनच्या कार्डवर किंवा दारामागे लिहिलेलं असतं. अशा वेळी लिफ्ट वापरायची नाही, जिन्याने जायचं. घरातल्या ज्येष्ठांना केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंतचा रस्ता पहिल्याच दिवशी एकदा चालवून दाखवा. लहान मुलांसाठी लहान आकाराची लाइफ जॅकेट मागून घ्या.

जहाजावर कसं वागावं?

क्रूझ म्हणजे तरंगती हाउसिंग सोसायटी. हजार-दोन हजार माणसं एकाच इमारतीत राहतात, त्यामुळे काही पथ्यं पाळावीच लागतात.

- खुर्ची अडवू नका: सकाळी सातला पूलजवळच्या खुर्चीवर टॉवेल टाकून नाश्त्याला जाणं ही जगभरातली तक्रार आहे. बऱ्याच जहाजांवर काही वेळाने कर्मचारी असे टॉवेल उचलतात.
- पूलमध्ये पोहण्याचेच कपडे: सुती टी-शर्ट, जीन्स किंवा साडी नेसून पाण्यात उतरू देत नाहीत. सुती धाग्यांमुळे फिल्टर तुंबतात. पूर्ण अंग झाकणारे स्विमसूट मिळतात, ते घेऊन जा.
- आवाज: केबिनच्या भिंती पातळ असतात. रात्री कॉरिडॉरमध्ये गप्पांचा फड आणि डेकवर ब्लूटूथ स्पीकर नको.
- बुफे: थोडं वाढून घ्या, पुन्हा घ्या. ताटात टाकू नका.
- हात धुणं: बंदिस्त जागेत नोरोव्हायरससारखे पोटाचे आजार झपाट्याने पसरतात. या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. साबण आणि पाणीच लागतं. जुलाब-उलट्या होत असतील, तर लपवू नका. मेडिकल सेंटरला कळवा.
- रील्स: कठड्यावर बसून किंवा चढून व्हिडिओ काढणं जिवावर बेतू शकतं. समुद्रात पडलेला माणूस अंधारात शोधणं अत्यंत कठीण असतं. इतर प्रवासी आणि कर्मचाऱ्यांचे व्हिडिओ विचारल्याशिवाय काढू नका.
- कर्मचारी: तुमची खोली आवरणारा किंवा जेवण वाढणारा कदाचित गोव्याचा किंवा रत्नागिरीचा असेल. महिनोन्महिने घराबाहेर राहून ही मंडळी काम करतात. 'ए वेटर' ऐवजी छातीवरच्या पाटीवरचं नाव वाचून हाक मारा.

मोबाइल फ्लाइट मोडवर का?

किनारा मागे पडला की नेहमीची रेंज जाते. काही जहाजांवर उपग्रहाद्वारे चालणारं स्वतंत्र मोबाइल नेटवर्क असतं. रोमिंग सुरू असेल, तर फोन आपोआप त्याला जोडला जातो आणि मोठं बिल येऊ शकतं. त्यामुळे जहाज सुटताच फ्लाइट मोड लावा आणि गरज असेल तर वाय-फायचं पॅकेज घ्या. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, 'फोन लागला नाही तरी काळजी करू नका.'

बंदरावर उतरताना

गोव्याला जहाज मुरगाव बंदरात, म्हणजे वास्कोला लागतं. इथून पणजी साधारण ३० किलोमीटर. कळंगुट, बागा त्याहून पुढे. हातात पाच-सहा तास असताना बागाचा बेत आखला, तर निम्मा वेळ टॅक्सीतच जातो. त्यापेक्षा जवळचा बोगमाळो किनारा आणि तिथलं नौदलाचं विमान संग्रहालय निवांत पाहता येतं.

परत चढण्याची शेवटची वेळ जहाज सुटण्याच्या वेळेपेक्षा आधीची असते. तिचा फोटो काढून ठेवा. आपण मात्र तिच्याही तासभर आधीची वेळ पाळावी. परदेशात जहाजाचं घड्याळ आणि बंदरावरचं घड्याळ वेगळं असू शकतं. नियम जहाजाच्या घड्याळाचा.

लक्षद्वीपला मोठं जहाज खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या बोटींतून बेटावर नेतात. गुडघेदुखी असलेल्यांना हलत्या बोटीत उतरणं जमेल का, हे आधीच ठरवा. बेटावरून आठवण म्हणून प्रवाळ उचलू नका. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण असून ते आणणं गुन्हा आहे.

आजारी पडलं तर?

जहाजावर डॉक्टर आणि मेडिकल सेंटर असतं, पण ते पूर्ण रुग्णालय नव्हे. उपचारांचे पैसे वेगळे लागतात. गंभीर रुग्णाला जवळच्या बंदरावर उतरवावं लागतं आणि तो खर्च मोठा असतो. प्रवास विमा घेताना त्यात समुद्रप्रवास आणि वैद्यकीय स्थलांतर, हे दोन्ही आहे का, ते वाचा. हृदयविकार, मधुमेह असलेल्यांनी जुन्या आजारांबद्दलचं कलमही पाहावं.

शेवटच्या रात्रीची गंमत

अनेक जहाजांवर शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. त्या थेट टर्मिनलवर मिळतात. उत्साहाच्या भरात सगळे कपडे भरून टाकणारे प्रवासी मग सकाळी नाइट ड्रेसवर उतरतात. एक जोड, चपला, औषधं आणि ओळखपत्र जवळ ठेवा.

उतरतानाही डेकनुसार क्रमाने सोडतात. हवामानामुळे जहाज उशिरा पोहोचू शकतं आणि एखादं बंदर वगळण्याचा अधिकारही कप्तानाकडे असतो. त्यामुळे मुंबईत उतरल्यावर लगेचची पुण्याची ट्रेन किंवा विमान घेऊ नका. मध्ये चार-पाच तास ठेवा.

बुकिंग करण्यापूर्वी एवढं तपासा: एकूण रक्कम, ओळखपत्रावरचं नाव, विमा आणि परतीचं तिकीट. जहाजावर चढल्यावर सगळ्यात आधी आपलं मस्टर स्टेशन शोधा. पूल आणि बुफे त्यानंतरही तिथेच असतील.