संगणक लावला की वीज जाते : दोष नेमका कुणाचा?

संगणक सुरू केला आणि घरात अंधार झाला की आळ संगणकावरच येतो. पण आधी डीबीचं (डिस्ट्रिब्यूशन बोर्डाचं) झाकण उघडून पडलंय काय ते बघा : अरुंद एमसीबी, की 'टेस्ट'चं बटण असलेली रुंद आरसीसीबी? पहिली जादा करंटमुळे पडते, दुसरी करंट गळल्यामुळे. दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही.

गैरसमज : संगणक फार वीज ओढतो, म्हणून एमसीबी पडते.
वस्तुस्थिती : घरातला साधा डेस्कटॉप मॉनिटरसह २०० वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे २३० व्होल्टला एक अँपिअरही नाही. १००० वॉटची इस्त्री सव्वाचार अँपिअर घेते, २००० वॉटचा गीझर पावणेनऊ. काही मिनिटांनी एमसीबी पडत असेल, तर त्याच लाइनवर आणखी काय चालू आहे ते बघा. लेझर प्रिंटरही छापताना आतला रोलर तापवायला बराच करंट खेचतो.

गैरसमज : खटका दाबताक्षणी एमसीबी पडली म्हणजे शॉर्ट सर्किटच.
वस्तुस्थिती : तसं असू शकतं, पण नेहमीच नाही. संगणकाच्या एसएमपीएसमधले (त्याला वीज पुरवणाऱ्या भागातले) रिकामे कपॅसिटर भरताना काही मिलिसेकंद कित्येक अँपिअरचा झटका घेतात. 'बी' प्रकारची एमसीबी तिच्या क्षमतेच्या ३ ते ५ पट करंटला तत्काळ पडते, 'सी' प्रकारची ५ ते १० पटीला. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावरची चार यंत्रं एका खटक्यात सुरू करू नका. एकेक करून लावा.

गैरसमज : ६ अँपिअरच्या जागी १६ ची एमसीबी टाकली की कटकट मिटली.
वस्तुस्थिती : एमसीबी असते ती भिंतीतल्या वायरच्या रक्षणासाठी. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली, तर ती पडणार नाही. वायर मात्र तापेल, आणि आग तिथूनच लागते.

गैरसमज : आरसीसीबी पडते, तर प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका.
वस्तुस्थिती : एसएमपीएसमधला फिल्टर थोडा करंट मुद्दामच अर्थिंगमध्ये सोडतो, एका यंत्रामागे सहसा एक-दोन मिलिअँपिअर. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कधीही पडू शकते. गीझरच्या जुन्या कॉइलमधून आधीच बराच करंट गळत असेल, तर संगणकाची भर पुरेशी होते. पिन काढली की गळती संपत नाही, तिची वाट बंद होते. मग कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि आत खरंच बिघाड झाला तर जिवावर बेतू शकतं.

गैरसमज : संगणक काढल्यावर आरसीसीबी पडत नाही, म्हणजे बिघाड त्यातच.
वस्तुस्थिती : इन्व्हर्टर बसवताना न्यूट्रल भलतीकडे जोडली गेली असेल, तर फेजमधून गेलेला करंट आरसीसीबीतून परतच येत नाही. मग त्या लाइनवर काहीही लावा, ती पडणारच.

शोध घ्यायची रीत सोपी आहे. सगळे प्लग काढा, पडलेलं बटण वर करा, मग एकेक यंत्र लावत जा. सगळं काढूनही पडत असेल, तर दोष वायरिंगमध्ये आहे आणि काम परवानाधारक वायरमनचं. जळका वास आला किंवा बटण लगेच पुन्हा पडलं, तर ते परत परत वर ढकलू नका.