किल्ली लागते, कुलूप फिरत नाही

मधुमेह्याच्या फाइलमध्ये उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, एचबीए१सी, क्रिएटिनीन हे सगळे आकडे असतात. मॅग्नेशियमचा आकडा क्वचितच दिसतो. टाइप २ मधुमेह असलेल्यांत त्याची कमतरता मात्र सर्रास आढळते. वेगवेगळ्या पाहण्यांत हे प्रमाण साधारण १३ ते ४८ टक्के आले आहे.

या कमतरतेचा साखरेशी संबंध काय? अनेक मधुमेह्यांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर असते, तरी साखर चढलेलीच. यालाच इन्सुलिन-रोध म्हणतात. इन्सुलिन पेशीवरच्या ग्राहक प्रथिनाला बाहेरून चिकटते. खरे काम आत सुरू होते. या प्रथिनाचा आतला भाग एटीपी या ऊर्जावाहक रेणूमधला फॉस्फेट उचलून आधी स्वतःवर, मग पुढच्या प्रथिनांवर चढवतो. निरोप असा हातोहात जातो, ग्लुट-४ ही वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत शिरते. पण एटीपी हे काम एकट्याने करत नाही, त्याला मॅग्नेशियमची जोड लागते. ती तुटपुंजी असली की किल्ली कुलपात बसते, फिरत मात्र नाही.

उलट्या बाजूनेही तेच घडते. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिका गाळलेले मॅग्नेशियम परत शोषून घेतात आणि त्या कामाला इन्सुलिनचे प्रोत्साहन असते. इन्सुलिनचा प्रभाव ओसरला, लघवीतून साखर जाऊ लागली, की पाण्याबरोबर मॅग्नेशियमही वाहून जाते. मधुमेहामुळे कमतरता आणि कमतरतेमुळे मधुमेह बळावतो, असे हे दुष्टचक्र आहे.

रक्ततपासणीवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. प्रौढ शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेले बहुतेक स्नायूंत व इतर पेशींत. रक्तद्रवात एक टक्काही नसते. त्यामुळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ असूनही साठा आटलेला असू शकतो.

मग सरसकट गोळ्या घ्याव्यात का? मेक्सिकोत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेह आणि मॅग्नेशियमची कमतरता दोन्ही असलेले ६३ जण निवडले होते. १६ आठवडे मॅग्नेशियम क्लोराइड घेतलेल्यांचे एचबीए१सी शेवटी ८.० होते, न घेतलेल्यांचे १०.१. नेदरलँड्समध्ये १९९८ च्या अभ्यासात मात्र इन्सुलिन घेणाऱ्या ५० जणांच्या साखरेत तीन महिन्यांनंतरही फरक पडला नाही. म्हणूनच मधुमेहाचा नेहमीचा उपचार म्हणून मॅग्नेशियम दिले जात नाही. तूट असेल तिथे भरून काढावी, एवढाच याचा अर्थ.

आहाराबाबत इतके हातचे राखायची गरज नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे १४५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते, ज्वारीत १३० आणि बाजरीत १२५ च्या आसपास. पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम २०. कोंडा गेला की मॅग्नेशियमही गेले, त्यामुळे मैद्याच्या शंकरपाळ्यांकडून फारशी आशा नको. भाकरी, डाळी, तीळ, शेंगदाणे, पालेभाज्या हे जुनेच ताट इथे कामाला येते.

लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, दीर्घकाळ घेतलेली ओमेप्राझोलसारखी ॲसिडिटीची औषधे आणि वारंवार होणारे जुलाब यांनीही मॅग्नेशियम घटते. यांपैकी काही लागू असेल, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे तपासणीचा विषय जरूर काढावा. मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांनी मात्र मनाने गोळ्या सुरू करू नयेत. त्यांच्या शरीरातून जादा मॅग्नेशियम नीट बाहेर पडत नाही आणि ते साठले तर हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होतो.