लिलावातला खरा हिरा कोणता?

आमच्याकडे नांदेड-लातूरला चार माणसे जमली आणि कबड्डीचा विषय निघाला, की चहा गार होतो आणि वाद तापतो. प्रो कबड्डीच्या लिलावांतून ‘यू मुंबा’ने उचललेला सर्वांत मोलाचा खेळाडू कोणता?

वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले : अनुप कुमार. २०१४ च्या पहिल्या हंगामात त्याचा संघ अंतिम सामन्यात हरला. २०१५ मध्ये मात्र त्याने करंडक आणलाच. पोरे इराणच्या फजल अत्राचलीचे नाव घेतात. डाव्या कोपऱ्यातून त्याने घोटा धरला, की चढाईपटूची सुटका अवघडच! २०१८ च्या लिलावात संघाने त्याच्यासाठी १ कोटी मोजले.

माझे मत तिसऱ्यालाच. त्याच लिलावात कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई ३६ लाख ४० हजारांत मिळाला. प्रो कबड्डीत तो अगदी नवखा. पहिल्याच हंगामात चढाईचे २१८ गुण! पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना नेले.

अनुपचा करंडक कोण नाकारील? पण तो आधीच भारतीय संघातला नावाजलेला गडी होता. नावाजलेल्याला घ्यायला पैसा लागतो, नवख्याला ओळखायला नजर लागते.

ती नजर आपल्या गावोगावच्या मैदानांवर कितीदा फिरते? वाद जरूर घाला. पण पुढच्या वेळी गावात कबड्डीचे सामने भरले, की मुलाबाळांना घेऊन जा. एखादा सिद्धार्थ तिथेच माती झटकत उभा असेल.